पूरग्रस्तांसाठी मंडळीचे दान: वस्तू द्याव्यात की पैसे?

प्रश्न (वास्को)
नमस्कार. आमच्या मराठी मंडळीत (चर्चमध्ये) बहुतेक कुटुंबे नोकरीनिमित्त गोव्यात आलेली आहेत. या पावसाळ्याआधी आपत्तीसाठी वेगळा निधी उभारावा, असे उपासनेनंतरच्या बैठकीत ठरले. दान वस्तूंच्या रूपात द्यावे की पैशांच्या, थेट पूरग्रस्तांच्या हाती द्यावे की संस्थेमार्फत, आणि मदतीसोबत शुभवर्तमानाच्या (बायबलमधील येशूच्या चरित्राच्या) प्रती वाटाव्यात का, यावर मात्र एकमत झालेले नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (वाळपई)
जुलै २०२१ मध्ये म्हादई नदीला जो पूर आला, तो १९८२ नंतरचा सर्वांत भीषण असल्याचे मुख्यमंत्र्यांनी म्हटले होते. पाणी ओसरल्यावरच खरे हाल सुरू होतात. भिजलेल्या मातीच्या भिंती मागाहून ढासळतात, विहिरीत गाळ बसतो, तांदूळ आणि गाद्या टाकून द्याव्या लागतात, आणि घरची बाई रेशनकार्डाची चिकटलेली पाने एकेक सोडवून चुलीच्या उबेला वाळवत बसते. अशा गावात गाडीभर जुने कपडे येऊन पडले, तर ते निवडायला माणसे लागतात आणि ठेवायला कोरडी जागा लागते. त्या वेळी गावात दोन्हींची टंचाई असते. म्हणून आधी पंचायतीला किंवा मामलेदार कचेरीत विचारा. चटया, फावडी, ब्लीचिंग पावडर, मुलांच्या वह्या, असे काहीतरी नेमके उत्तर मिळेल.

उत्तर (पणजी)
वरील मताशी मी सहमत आहे. बायबलमधील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक १०) वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणारा शोमरोनी त्याच्या जखमा बांधून थांबत नाही. उतारशाळेच्या मालकाकडे पैसे देतो आणि अधिक खर्च झाला तर परत येताना फेडीन, असा शब्दही देतो. त्यामुळे निम्मी रक्कम लगेच द्यावी आणि उरलेली दोन-तीन महिन्यांनी, लोकांचे लक्ष उडालेले असताना, घरदुरुस्तीसाठी द्यावी, असे मला मनापासून वाटते. रक्कम मोठी असेल तर कॅरिटास गोवासारख्या चर्चच्या मदतसंस्थेशी बोलावे. हिशेब मंडळीपुढे उघडा ठेवावा, कारण यरुशलेममधील गरिबांसाठी जमवलेल्या निधीबाबत कोणी दोष लावू नये, याची प्रेषित पौलानेही काळजी घेतली होती (२ करिंथ ८).

शुभवर्तमानाच्या प्रती वाटू नयेत. मदतीच्या रांगेत उभा असलेला माणूस नको म्हणायला मोकळा नसतो, आणि शोमरोन्यानेही त्या जखमी माणसाला काही विचारले नव्हते. कोणी आपण होऊन विचारले, तर अवश्य बोलावे.

उत्तर (फोंडा)
एक व्यवहाराची गोष्ट: करसवलत हवी असल्यास संस्थेची तशी नोंदणी आहे का ते पाहावे आणि पावती घ्यावी, २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. ज्यांना पैसे देणे जमत नाही, त्या तरुणांची नावे मात्र आताच लिहून ठेवा, कारण घराघरांतला गाळ उपसायला हातच लागतात आणि वयस्कर जोडपी ते काम एकट्याने करू शकत नाहीत.