जाळी मुद्दाम कोण टाकेल?
वर कोणीतरी म्हटलंय की मच्छीमारच जुनी जाळी समुद्रात फेकून देतात. फाटके तुकडे टाकतात काहीजण, नाही म्हणत नाही, पण चांगलं जाळं मुद्दाम कोण टाकेल हो, तेही कर्ज काढून घेतलेलं? आपल्या कोकण किनाऱ्यावर गिलनेटवाला, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं राहणारं जाळं वापरणारा मच्छीमार, रात्री जाळं सोडतो, ते प्रवाहाबरोबर वाहत असतं, वर फक्त तरंगणारे बोये आणि एखादा मिणमिणता दिवा, आणि अंधारात ट्रॉलर (जाळं ओढत नेणारी मोठी बोट) त्यावरूनच जातो, की दोरी त्याच्या पंख्यात गुंतून तुटलीच. बोया गेला की खालचं जाळं शोधणार कुठे? शिवाय खडकात अडकतं, उधाणाच्या ओढीने वाहून जातं, आणि वादळाचा इशारा आला की माणसं जाळं तसंच सोडून बंदर गाठतात, जीव महत्त्वाचा ना. बरं, नायलॉन कुजत नाही, त्यामुळे ते खाली मासे, खेकडे, कासवं धरतच राहतं.