मदत हवी आहे: पसरणी घाट उतरताना गाडीचा हीटर गार पडतो

कृष्णाकाठ:
मंडळी, राहायला वाईत, नोकरी पाचगणीत. सकाळची पाळी, त्यामुळे उजाडायच्या आत घाट चढायचा. वेण्णा तळ्याकाठी दव गोठल्याचे फोटो पेपरात येतात, त्या दिवसांत गाडीत काय हाल होत असतील ते समजून घ्या. मागे बसणाऱ्या सहकारी बाई शालीवर शाल घेऊन येतात.

गाडी २०१२ ची डिझेल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. वाईतून निघालं की बराच वेळ गारच हवा. निम्मा घाट चढला की कोमट. पाचगणीत सपाटीला लागलो की ती ऊब पुन्हा कमी. आणि रात्री घाट उतरताना तर हीटर लावला काय नि काच खाली केली काय, एकच. ब्लोअर जोरात चालतो, हवा सगळीकडून नीट येते. केबिन फिल्टर नवीन टाकला, फरक शून्य.

गॅरेजवाल्यांत एकमत नाही. एक म्हणतो एसीचा गॅस भरा. दुसरा म्हणतो हीटरची कॉइल चोक झालीय, डॅशबोर्ड उतरवावा लागेल. तिसरा नुसता हसला, "आपल्याकडं हीटर कुणाला लागतोय साहेब?" एकदा उघडलेला डॅशबोर्ड पुढे कायम खडखडतो असं ऐकून आहे, म्हणून थांबलोय. काय करावं?

जुनाडिझेल:
गॅसचा मुद्दा आधी निकालात काढा. हीटरला गॅस लागत नाही. इंजिन थंड ठेवायला जे कुलंट फिरतं, तेच डॅशबोर्डच्या आतल्या छोट्या रेडिएटरमधून (हीच ती हीटरची कॉइल) जातं आणि ब्लोअर त्यावरून हवा मारतो. इंजिनच तापत नसेल तर हीटर कुठून तापणार?

तुम्ही इंजिनच्या तापमानाच्या काट्याबद्दल काहीच लिहिलं नाही. घाट उतरताना तो खाली येतो का?

दुसरं, गाडी चालवून आल्यावर बॉनेट उघडा. इंजिनकडून केबिनच्या पत्र्यात दोन रबरी पाइप शिरतात, त्यांना जपून हात लावून बघा. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवा. दोन्ही चांगले गरम असतील तर दोष आतल्या गरम-गार हवेच्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये. एक गरम, एक गार असेल तर कॉइल चोक किंवा लाइनमध्ये एअर. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट किंवा कमी कुलंट. गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. वाफेनं हात भाजलेली माणसं पाहिलीत मी.

मिरजमळा:
सोपा उपाय सांगतो. थंडीत मालट्रकवाले जाळीला पुठ्ठा नाहीतर पोतं बांधतात. वारा कमी लागतो, इंजिन लवकर तापतं. खर्च नाही.

जुनाडिझेल:
@मिरजमळा, सपाटीला ठीक आहे हो. पण हे घाट चढणार. पुठ्ठा काढायचा विसरले तर वर पोचेपर्यंत काटा लालमध्ये. रोग शोधा आधी.

कृष्णाकाठ:
काका, काटा सांगायचा राहिला. चढताना मधल्या खुणेच्या जवळ जातो, उतरताना पार पावाच्या खाली. दोन्ही पाइप कोमट. आणि कुलंटच्या बाटलीत कुलंट नाहीच, गंजाळलेलं तांबूस पाणी आहे.

जुनाडिझेल:
मग माझा संशय थर्मोस्टॅटवर. इंजिन साधारण ८०-९० अंशांवर जाईपर्यंत कुलंटला मोठ्या रेडिएटरकडे जाऊ न देणारी ती झडप. ती उघडी अडकली की पहिल्या मिनिटापासून कुलंट रेडिएटरला जाऊन गार होत राहतं. चढाला इंजिनावर लोड असतो म्हणून थोडं तापतं. उताराला इंजिन जवळपास रिकामं फिरतं, त्यात समोरून गार वारा. तुमची लक्षणं अगदी हीच आहेत.

सकाळी गार इंजिन सुरू करून रेडिएटरचा वरचा पाइप धरून बघा. बहुतेक गाड्यांत तो काही मिनिटं गार राहून मग झपकन गरम व्हायला हवा. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर समजा झडप बंदच होत नाही.

तासगावकर_द्राक्षं:
पाण्यावरून आठवलं. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं क्षाराचं, की द्राक्षबागेतल्या ड्रिपरची तोंडं बुजतात. तेच रेडिएटरमध्ये ओततात लोक! कॉइलच्या नळ्या बारीक असतात, त्या आधी चोक होतात. कुलंट फक्त बर्फाच्या मुलखासाठी असतं हा गैरसमज आहे. गंज थांबतो, उकळायचा बिंदूही वर जातो. डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट निम्मं-निम्मं वापरा, किंवा तयार मिक्स घ्या.

कृष्णाकाठ:
तपासलं. वरचा पाइप पहिल्यापासून कोमट होत गेला. ओळखीच्या मेकॅनिककडं थर्मोस्टॅटचं घर उघडलं, तर आत झडपच नाही! आधीच्या मालकाला फोन लावला. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना गाडी गरम व्हायची, म्हणून एका गॅरेजवाल्यानं "वॉल्व्ह काढून टाकला की गाडी तापत नाही" सांगून काढला. ॲव्हरेज का मिळत नव्हतं ते आत्ता कळलं. नवीन झडप मागवलीय.

जुनाडिझेल:
झडप काढून टाकणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. इंजिन गार राहिलं की डिझेल जास्त पितं, झीजही वाढते.

पण आता घाई करू नका. गाडी मुळात तापत का होती? पंखा वेळेवर लागतो का, रेडिएटर चोक आहे का, झाकण प्रेशर धरतं का, हे न बघता नवीन झडप बसवलीत तर एप्रिलमध्ये पसरणीतच उभे राहाल. ते तांबूस पाणी बघता रेडिएटर साफ करून घ्याच. हीटरची कॉइलही दोन्ही पाइप काढून साध्या पाण्यानं उलट्या बाजूनं धुवा, डॅशबोर्ड उघडावा लागत नाही. प्रेशर कमी ठेवा, जुनी कॉइल फुटते.

कुलंट भरताना आत अडकलेली एअर काढायला गाडीचं नाक चढाकडे करून उभी करा (वाईकराला चढ कुठं शोधायचा ते सांगायला नको), हीटर फुल गरमवर, आणि गार इंजिनला झाकण काढून सुरू करा. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा, मग झाकण लावून पंखा लागेपर्यंत चालू ठेवा.

घाटमाथा:
एक राहिलं. तोवर काचेवर धुकं धरत असेल तर आतली हवा फिरवायचं बटण बंद ठेवा आणि हीटरसोबत एसी लावा, ओल ओढून घेतो. काचेवर चिकट थर आणि गोडसर वास आला तर मात्र कॉइल गळतेय.

कृष्णाकाठ:
वास नाही, पायाखाली ओलही नाही. झाकणाचं रबर चिरलंय, तेही बदलतो. वाई, पाचवड किंवा साताऱ्यात रेडिएटर खोलून साफ करणारं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इथला मेकॅनिक नवीनच घाला म्हणतोय, किंमत ऐकून घाम फुटला, तेवढीच ऊब.