फवारणीच्या विषबाधेतून घरी आला म्हणजे बरा झाला का?

पऱ्हाटीवाला: माझा चुलत भाऊ रोजानं फवारायला जायचा. २०१७ च्या हंगामात तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढं धुकं, तोंडाला लाळ, हातपाय लटलट. आठ दिवस दवाखान्यात काढून घरी आला. त्या साली यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-मजूर दगावले, त्यांची बातमी झाली. हा जगला, म्हणून 'बरा झाला' या खात्यात गेला. अख्ख्या गावाची उसनवारी तोंडपाठ असणारा माणूस आता तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एक विसरतो. बायकोवर उगाच खेकसतो. हे विष मेंदूत राहतं, पण घरी आलेल्याच्या डोक्याचं पुढं काय झालं ते कुणी विचारत नाही.

कृषी केंद्रवाला: आता सगळे दुकानदारावर घसरतील, म्हणून आधीच लिहितो. मी दर वेळी सांगतो: वाऱ्याकडं पाठ ठेवा, तीन औषधं एकत्र कालवू नका, नोझल तोंडानं फुंकू नका. ऐकतं कोण? त्याच हातानं तंबाखू मळतात. औषध न मारता बोंडअळी आवरून दाखवा, दुकान बंद करतो. आणि विसरभोळेपणा दारूनंही येतो.

पऱ्हाटीवाला: तो माळकरी आहे, भाऊ. आणि त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती. नळी वर धरली की थेंब तोंडावरच. वाऱ्याकडं पाठ करून काय होतं?

रात्रपाळीचा डॉक्टर: 'मेंदूत राहतं' हे बरोबर नाही. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांच्या गटातली औषधं बहुतेक काही दिवसांत शरीरातून निघून जातात. पण तोवर ती कोलिनेस्टरेज नावाचं विकर बंद पाडतात. नसेनं दिलेला संदेश पुसला जात नाही, म्हणून लाळ, घाम, डोळ्यांच्या टाचणीएवढ्या बाहुल्या, झटके. अ‍ॅट्रोपिनच्या सुईनं लाळ-घाम आवरतो. झटके लांबले किंवा श्वास अडकून मेंदूला प्राणवायू कमी पडला, तर इजा कायमची राहू शकते. काहींच्या पायांतली ताकद दोन-तीन आठवड्यांनी जाते, तो प्रकार निराळा. वर्षानुवर्षं फवारणाऱ्यांची स्मरणशक्ती कमी झाल्याचे अभ्यास आहेत. तरी एका माणसाबद्दल 'हे औषधामुळंच' असं मी लिहून देणार नाही.

सालगड्याची लेक: मग कोण देणार लिहून? युरोपनं २०२० मध्ये याच गटातलं क्लोरपायरिफॉस बंद केलं. लहान मुलांच्या मेंदूची भीती हे त्यातलं एक मोठं कारण होतं. तिथं एकेका पोराचा दाखला मागत बसले नाहीत. आपल्याकडं २०१३ मध्ये बिहारात शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस गेलं, २३ मुलं गेली. त्यानंतरही आम्ही तेच कपाशीवर मारत होतो.

रात्रपाळीचा डॉक्टर: बंदी घालायला तेवढं पुरे, मान्य. दाखल्याला पुरत नाही. पण रुग्ण आणताना बाटली नाहीतर बिल का आणत नाही तुम्ही? औषध दुसऱ्या गटातलं निघालं तर उपचारच बदलतो. आम्ही अंदाजानं सुई टोचायची का?

कृषी केंद्रवाला: बिल आम्ही देतोच.

पऱ्हाटीवाला: रोखीवाल्याला. उधारीवाल्याचं नाव वहीत चढतं, हातात नुसती बाटली. आणि फवारणाऱ्या मजुराला ती बाटलीही दिसत नाही. मालक बांधावर ड्रमात कालवून ठेवतो, हा पंप भरतो अन् पऱ्हाटीच्या ओळीत शिरतो. भावाला दवाखान्यात विचारलं, कोणतं औषध होतं? तो म्हणाला, "पांढरं."