कामावर शिकणाऱ्या प्रौढांना गणित आणि इंग्रजी शिकवताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न

मी शिकाऊ कामगारांच्या संध्याकाळच्या वर्गाला गणित आणि इंग्रजी शिकवतो. वर्गात नुकतेच कामाला लागलेले तरुण आहेत, तशीच शाळा सोडून वीस-बावीस वर्षे झालेली मंडळीही आहेत. यंत्रापाशी ही माणसे अचूक माप घेतात. तेच माप फळ्यावर लिहिले की मात्र अडखळतात. मागच्या आठवड्यात ०.५ आणि ०.२५ यांपैकी मोठी संख्या कोणती, असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी ०.२५ असे उत्तर दिले. चूक कळल्यावर एक ज्येष्ठ विद्यार्थी उरलेला तासभर काहीच बोलले नाहीत, आणि ते मला फार लागले. पाचवीच्या पुस्तकापासून पुन्हा सुरुवात करावी, की त्यांच्या कामातूनच विषय उलगडत न्यावा?

प्रतिसाद १

पाचवीचे पुस्तक त्यांच्या हाती देऊ नये, असे मला ठामपणे वाटते. ज्या पुस्तकाशी अपयशाची आठवण जोडलेली आहे, तेच पुन्हा समोर आले की माणूस आधीच हार मानतो.

आपल्या विद्यार्थ्यांचे उत्तर चुकले असले, तरी ते विचार करूनच दिलेले आहे. पाचापेक्षा पंचवीस मोठे, हा पूर्ण संख्यांचा नियम त्यांनी दशांश चिन्हापुढेही लावला, आणि आपण सगळेच ‘पॉइंट पंचवीस’ असे म्हणत असल्यामुळे ती समजूत आणखी पक्की होते. ‘अर्धा मोठा की पाव?’ असे आपण विचारले असते, तर बहुधा एकही जण चुकला नसता. तेथूनच सुरुवात करावी. अर्धा म्हणजे पन्नास शतांश, पाव म्हणजे पंचवीस शतांश, असे म्हणत ०.५० आणि ०.२५ एकाखाली एक लिहावेत.

त्यानंतर व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे मुख्य पट्टीवर दुसरी छोटी पट्टी सरकवून मिलिमीटरपेक्षाही बारीक माप घेण्याचे साधन, वर्गात आणावा. मुख्य पट्टीवरील ४९ मिलिमीटरचे सरकपट्टीवर ५० समान भाग केलेले असतात. म्हणून प्रत्येक भाग ०.९८ मिलिमीटरचा होतो आणि मुख्य पट्टीवरच्या १ मिलिमीटरच्या भागातून ०.९८ वजा केले की ०.०२ हे लघुतम माप, म्हणजे या साधनाने मोजता येणारे सर्वांत लहान अंतर, मिळते. मुख्य पट्टीवर १२ आणि सरकपट्टीची सतरावी रेघ जुळलेली असेल, तर १७ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४, आणि वाचन १२.३४ मिलिमीटर. हे वाचन विद्यार्थी रोज करतात; त्यामागचा गुणाकार आणि बेरीज त्यांनाच फळ्यावर मांडू द्यावी.

प्रतिसाद २

इंग्रजीविषयी माझा अनुभव सांगतो. शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करून घेण्यात मी पहिले वर्ष वाया घालवले. प्रत्यक्षात माणसे ‘मशीन’ किंवा ‘गार्ड’ या शब्दांवर अडत नाहीत, लहान शब्दांवर अडतात. ‘डू नॉट स्टार्ट द मशीन अनलेस द गार्ड इज क्लोज्ड’ (गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, बंद असल्याशिवाय यंत्र सुरू करू नका) हे वाक्य माझ्या वर्गातील एकाने घडाघडा वाचले, पण ‘अनलेस’चा अर्थ न लागल्याने गार्ड बंद असताना यंत्र सुरू करायचे नाही, असा उलटाच अर्थ सांगितला. तेव्हापासून ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’, ‘अनलेस’ हे शब्द मी सुरक्षिततेच्या सूचनांमधून शिकवतो आणि सूचना वाचून त्याप्रमाणे कृती करून दाखवायला सांगतो.

प्रतिसाद ३

दोन्ही सूचना पटल्या. फक्त कामाच्याच उदाहरणांवर थांबू नये. शिकलेली रीत दुसरीकडे लागू करता येते का, हे मुद्दाम तपासावे लागते. शेकडेवारी शिकवताना मी एक प्रश्न हमखास विचारतो: १०० ची किंमत आधी २० टक्क्यांनी वाढली आणि मग २० टक्क्यांनी कमी झाली, तर किती उरले? बहुतेक जण १०० म्हणतात. दुसरे २० टक्के १२० वर मोजायचे असल्याने उत्तर ९६ येते, हे एकमेकांशी वाद घालत त्यांचे त्यांनाच सापडते. शिवाय अनेक प्रौढ मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणूनही वर्गाला येतात, तेव्हा कोण कशासाठी आले आहे, हे प्रत्येकाला एकट्याने भेटून विचारावे. गप्प झालेल्या त्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांपासूनच सुरुवात केलीत तर उत्तम.