दूध-गहू सोडले आणि बोटं मोकळी झाली. हा योगायोग?

सांजवेळ
सहा वर्षं आमवात आहे. सकाळी तासभर मूठ वळायची नाही. दोन महिन्यांपूर्वी दूध-गहू बंद केले, आता पंधरा मिनिटांत हात चालू होतात. डॉक्टर म्हणाले, योगायोग. मला नाही पटत, ही अन्नाची ॲलर्जीच असणार. (गोळ्या चालू आहेत, रागावू नका.)

खडूस वाचक
ताई, आमवात आपोआप चढतो-उतरतो. माणूस पथ्य धरतो ते दुखणं शिगेला पोचल्यावर. पुढे उतार पडला की श्रेय पथ्याला. आणि खरी ॲलर्जी म्हणजे खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी, ओठांना सूज, धाप. आमवातात प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उलटते. आजारच वेगळे.

सांजवेळ
मग नॉर्वेचा प्रयोग? १९९१, लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक. ५३ रुग्ण. निम्म्यांना ७ ते १० दिवस उपास, मग दूध आणि ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) वगळून शाकाहार, पुढे हळूहळू दूध. वर्षभर फरक टिकला.

खडूस वाचक
आपण काय खातोय हे रुग्णांना माहीत होतं, वजनही उतरलं होतं. यात ॲलर्जी कुठे सिद्ध झाली?

अर्धी भाकरी
माझ्या ॲलर्जीच्या रक्ततपासणीत चाळीस पदार्थ लाल आले! सगळे सोडले. अशक्तपणा आला, गुडघे होते तसेच.

खडूस वाचक
ती आयजीजी तपासणी असणार, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांची. आपण जे खातो त्याची आयजीजी प्रतिपिंडं निरोगी माणसातही सापडतात. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्येच सांगितलंय, आयजीजी४ (आयजीजीचाच एक उपप्रकार) वरून निदान करू नका.

पानगळ
तपासणीबद्दल सहमत. पण खडूसराव, संशोधक पॅनुश यांचं १९९० चं काम सोयीस्कर विसरलात. अन्न कॅप्सूलमध्ये भरून दिलं, आत काय हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. १६ पैकी ३ जणांचे सांधे खरंच बिघडले. त्या तिघांनाही योगायोगच म्हणणार?

खडूस वाचक
नाही म्हणणार. पण बाकीचे १३?

पानगळ
म्हणून तर करून बघायचं. सांजवेळताई, दोन्ही एकदम सोडलेत, मग गुण कशाचा? डॉक्टरांना सांगून आधी एकच परत सुरू करा. रोज सकाळी मूठ वळायला किती मिनिटं लागतात, वहीत लिहा. गोळ्यांना हात लावू नका. सांधा एकदा झिजला की पथ्यानं भरून येत नाही.

सांजवेळ
ठीक. दुधापासून सुरुवात.

खडूस वाचक
कुठल्या दिवशी दूध घातलंय हे घरच्यांनी सांगायचं नाही, तर अर्थ.

सांजवेळ
नवऱ्याला सांगते. पण त्याच्या तोंडावर लगेच दिसतं हो!