साखरपुडा झाला, लग्न गावीच करायचंय पण नोकरीतून वेळ मिळत नाही. मे की डिसेंबर?

वेंगुर्ल्याची_मुलगी
नमस्कार मंडळी. नुकताच माझा साखरपुडा झाला, घरीच, ओटीवर, मोजक्या माणसांत. लग्नही गावीच करायचं हे आम्हा दोघांचं नक्की आहे, हॉल नको, खळ्यात (घरापुढच्या अंगणात) मांडव घालून. पण मी ठाण्याला बँकेत लोन डिपार्टमेंटला, मार्च एंडिंगपर्यंत मान वर करता येणार नाही, तो पुण्याला कंपनीत शिफ्टला, रविवार मिळेलच असं नाही. आईबाबा म्हणतात मे मध्ये उरकूया, चाकरमानी आलेले असतात, मुलांना सुट्टी असते. त्याच्या घरचे डिसेंबर म्हणतात. रात्री घरी पोचले की फोन सुरू, आचारी, मांडववाला, मामा, आणि प्रत्येक गोष्ट मलाच विचारतात कारण "तुझं लग्न, तुझ्या मनासारखं होऊंदे". त्यांची माया कळते हो मला, पण दुसऱ्या दिवशी समोर फाइल असते आणि डोक्यात पत्रिकेवरची नावं. नोकरी सांभाळून गावी लग्न केलंय का कोणी? आधी काय धरायचं आणि काय दुसऱ्यावर सोपवायचं?

देवगडचा_बागायतदार
अभिनंदन गो बाय! माझं मत सरळ आहे, मे नको. यंदा 2026 ला 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यात मुहूर्त नाहीत, म्हणजे उरला पहिला पंधरवडा आणि सगळ्यांची लग्नं त्यातच, भटजी नाही, आचारी नाही, मांडववाला नाही. दुसरं म्हणजे आंबा. सकाळी काढणी, दुपारभर निवडून पेट्या भरायच्या, संध्याकाळी वाशीची गाडी. मे म्हयन्यात आमच्याकडे माणसाक फुरसत नसता, आणि ज्यांच्या जिवावर तू घरचं कार्य करणार तीच माणसं बागेत असतात. तिसरं पाणी. तेव्हा आमच्या विहिरीत कळशी तळाला लागते, चारपाचशे माणसांचं जेवण, भांडी, सगळं टँकरवर. डिसेंबरात विहिरीला पाणी, भात कापून झोडून झालेलं, खळं नुकतं केलेलं, माणूस मोकळा. फक्त दोन्ही गावांच्या जत्रांच्या तारखा आधी विचारून घ्या. जत्रेच्या दिवशी वाडीतला माणूस देवळात असणार, तुमच्या मांडवात नाही, आणि ते बरोबरच आहे. फेब्रुवारीवर ढकलायचा विचार असेल तर आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख देवीला कौल लावून ठरते, ती जाहीर होईपर्यंत थांबा, त्या दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

दादर_ते_सावंतवाडी
डिसेंबरच, पण नाताळच्या आठवड्यापासून लांब राहा, मालवण वेंगुर्ल्यात पर्यटकांमुळे पाहुण्यांना खोल्या मिळणार नाहीत. रेल्वेचं रिझर्वेशन 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी सुटतं, पूर्वीसारखं 120 नाही. म्हणजे 10 डिसेंबरची गाडी हवी तर 11 ऑक्टोबरला सकाळी 8 ला लॉगिन करून तयार बसायचं. एका तिकिटावर सहाच जणं, त्यामुळे हे काम भावाला आणि चुलतभावंडांना वाटून दे, तू त्या वेळी बँकेत निघालेली असशील. कुटुंबाप्रमाणे नावं आणि वयं आत्ताच लिहून ठेव, ऐनवेळी "आत्येचं वय किती" करत बसलात की तुतारी आणि कोकणकन्या दोन्ही गाड्या वेटिंगला. कुडाळ आणि सावंतवाडी दोन्ही स्टेशनं बघा.

परुळ्याची_काकी
बाळा, लेकीचं लग्न केलंय मी, तीपण मुंबईला नोकरी करते म्हणून सांगते. तुझा त्रास तारखेचा नाही, सगळे तुलाच विचारतात हा आहे. गावात एक कर्ता माणूस नेम, काका किंवा मामा, ज्याचा शब्द आचारी आणि मांडववाला दोघं मानतात. त्याच्या हातात पैसे दे आणि निर्णयही दे. नुसते पैसे देऊन निर्णय स्वतःकडे ठेवलास तर फोन थांबणारच नाहीत. पण हे आईला तू स्वतः जवळ बसून सांग, दुसऱ्याकडून कळलं तर तिला वाटेल लेकीला आपली मदत नको झाली. तू तुझ्याकडे बस्ता, फोटोवाला, तुझी ऑफिसची माणसं आणि रजा एवढंच ठेव. रजेचा अर्ज तारीख ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी टाक. पत्रिकेवरची नावं बाबांवर सोड, भाऊबंदांत कोण आधी कोण नंतर ते त्यांनाच माहीत. पहिली पत्रिका ग्रामदेवतेला, गाऱ्हाणं घालून, तेही तेच करतील.

आणि डिसेंबर धरलात तर तयारी मे मध्येच सुरू होते बरं का. रतांबे (कोकमाची फळं) तेव्हाच येतात, सोलं वाळवून, आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस बरणीत भरून ठेवायला सांग आईला. लग्नात घरच्या आगळाची सोलकढी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि नव्या तांदळाचा भात, याची चव केटररच्या पन्नास पदार्थांना नाही. आईला हे काम दे, बघ कशी खूश होते.

गावाकडचा_जावई
एक राहिलं. लग्नाची नोंदणी गावातच ग्रामपंचायतीत करून घ्या. 90 दिवसांत करायची असते, दोघं आणि तीन साक्षीदार समोर लागतात. सगळे परत मुंबईला गेले की पुन्हा एकत्र यायला कोणाला जमत नाही. रजा लग्नानंतरही दोन दिवस जास्त धरा, फॉर्म आधीच ग्रामसेवकांकडून आणून भरून ठेवा. लग्नपत्रिका, वयाचे दाखले, फोटो तयार असू दे.

वेंगुर्ल्याची_मुलगी
खूप खूप आभार सगळ्यांचे. आज बाबांशी बोलले, अधिक महिन्याचं ऐकून ते डिसेंबरला तयार झाले आणि काका सगळं हातात घेतो म्हणाले. काकी, सोलांचं सांगितल्यावर आई इतकी खूश झाली की लगेच शेजारी सांगायला गेली. आता दोन्ही गावांच्या जत्रा विचारून मग भटजींकडे. मांडव नुसता कापडी घातला तर चालेल ना डिसेंबरात?

परुळ्याची_काकी
चालेल, पण रात्री दव पडतं, जेवणाच्या आणि चुलीच्या बाजूला वर ताडपत्री घालायला सांग काकांना.