बाबांचा श्वास झोपेत थांबतो, कोणतं मशीन घ्यावं?

मीनल_ठाणे: बाबा ७४ वर्षांचे. घोरता घोरता एकदम गप्प होतात. काल घड्याळ लावून मोजलं, २२ सेकंद! मग धडपडून श्वास घेतात. रात्री चारदा लघवीला उठतात, सकाळी डोकं जड, दुपारी पेपर हातात धरूनच डुलक्या. सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) घ्यायचं म्हणतेय. बजेट २५ हजार, वर नाही जमणार.

रानवारा: सासऱ्यांना ६० हजारांचं ऑटो घेतलं, म्हणजे प्रेशर आपोआप कमीजास्त करणारं, हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरसकट. इथे काटकसर नको.

निवृत्त_मास्तर: कुशीवर झोपवा. हिने माझ्या बनियनला पाठीकडून खिसा शिवून टेनिसचा चेंडू घातलाय. उताणा झालो की टोचतो. दोन वर्षं मशीनशिवाय चाललंय.

कोकणी_काका: आमचे वडील नव्वदीपर्यंत घोरले. गाढ झोप असते ती.

सिस्टर_औंध: काका, गाढ झोप नाही ही. ताई, आधी रात्रभर वायरी लावून झोपेची तपासणी, मशीन नंतर. १० सेकंद किंवा जास्त थांबलेला श्वास मोजतात. असे अडथळे तासाला ५ ते १५ म्हणजे सौम्य, ३० च्या वर तीव्र. रात्रीची लघवी यानेही वाढते, पण ती प्रोस्टेटचीच धरून लोक वर्षं घालवतात. झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, काहींनी घसा आणखी सैल पडतो.

निवृत्त_मास्तर: एवढ्या वायरी लावून झोप कुणाला येते?

वडगावकर: हल्ली घरी येऊनही लावतात. मी आईसाठी १२ हजारांना जुनं मशीन घेतलं आणि फसलो. प्रेशर आधीच्या माणसाचं, आईच्या पोटात हवा भरायची. त्यात रात्री कवळी काढली की गाल आत जातात, मास्कच्या कडेने हवा सुटून थेट डोळ्यांत. मास्कचं माप कवळी काढूनच घ्या.

रानवारा: तपासणी कराच. मशीन मात्र ऑटोच.

मीनल_ठाणे: घरीच तपासणी झाली. तासाला ३४! डॉक्टरांनी प्रेशर ठरवून दिलंय. मशीन विकत घेतलं नाही, महिनाभर भाड्याने आणलंय. बाबांना सोसतंय का ते आधी बघते. मास्क मात्र नवा, कवळी काढून मापलेला. काल लघवीला एकदाच उठले. मास्क कशाने धुवायचा?

सिस्टर_औंध: कोमट पाणी, सौम्य साबण. सावलीत वाळवा. उन्हात नको.

रानवारा: विकत घ्याल तेव्हा ऑटोच बघा.